आल्प्सच्या खिंडी आणि मराठवाड्याचे माळरान

भोकरच्या आसपास डोंगर आहेत, पण ते बुटके. उन्हाळ्यात त्यांच्यावरचे गवत वाळून जाते आणि काळा कातळ उघडा पडतो. मुदखेडहून आदिलाबादकडे जाणारा लोहमार्ग भोकरवरून हिमायतनगर, सहस्रकुंड करीत किनवटकडे जातो. त्या वाटेवर इस्लापूरजवळ पैनगंगा काळ्या खडकावरून कोसळते आणि खालच्या घळीतून घोंघावत निघते. पावसाळ्यात तेथे गर्दी होते, कारण एवढे पाणी एके ठिकाणी पाहण्याचा योग आपल्या मुलखात क्वचितच येतो. आपल्याकडे तळे म्हणजे कोणीतरी बांध घालून केलेले तळे. कंधारचा जगत्तुंग समुद्र नावाने समुद्र असला, तरी तो राष्ट्रकूट काळातील माणसांच्या हातांनी घडलेला आहे. बर्फ तर आपण चित्रातच पाहिलेले असते.

अशा मुलखातील ख्रिस्ती माणूस आपल्या मिशनचा जुना इतिहास वाचू लागला म्हणजे एका गोष्टीपाशी थबकतो. पहिल्या फादरांची नावे उच्चारायला अवघड आहेत. ती मुंबईकडची नाहीत, गोव्याकडचीही नाहीत. ही माणसे आली कोठून, असे विचारले तर उत्तर मिळते : आनसीहून. हे आनसी म्हणजे आल्प्स पर्वताच्या कुशीतील, एका निळ्या सरोवराच्या काठावरचे शहर. ज्या मुलखात उन्हाळ्यातही शिखरांवरचे बर्फ हटत नाही, तेथून ही माणसे आपल्या माळरानावर आली. त्या मुलखाची ओळख करून घेतल्याशिवाय आपल्या मिशनचा इतिहास पुरा समजणार नाही, असे वाटते.

आनसी हे पूर्वीच्या साव्हॉय संस्थानातील गाव. आज हा प्रदेश फ्रान्समध्ये आहे, पण तो फ्रान्सला मिळाला १८६० साली. त्याआधी शतकानुशतके तेथे साव्हॉयच्या ड्यूकांची, पुढे राजांची सत्ता होती. आनसीचे सरोवर सुमारे सत्तावीस चौरस किलोमीटरचे. प्राचीन हिमनद्या ओसरताना त्यांनी कोरलेल्या खोलगट भागात ते साठले. सरोवराचे पाणी गावातील कालव्यांतून वाहत जाऊन फिए नदीला मिळते. ही फिए शहरापासून थोड्या अंतरावर एका अरुंद घळीत शिरते. दोन्ही बाजूंना चुनखडीचे ताठ कडे आणि तळाशी नदी. १८६९ साली कड्याला टांगलेला लाकडी मार्ग तयार झाला, तेव्हापासून प्रवासी पाण्याच्या सुमारे पंचवीस मीटर वरून घळीतून चालत जाऊ लागले. सहस्रकुंडाची घळ ज्याने पाहिली आहे, त्याला नदी खडक कसा चिरते हे निराळे सांगायला नको. फरक एवढाच की आपला खडक लाव्ह्याचा, काळा. तिकडचा पांढुरका, चुन्याचा.

आनसीच्या उत्तरेला लेमां, म्हणजे जिनिव्हाचे विशाल सरोवर. पूर्वेला माँ ब्लाँ हे आल्प्सचे सर्वांत उंच शिखर, ४,८०० मीटरांहून थोडे अधिक. आपले कळसूबाई १,६४६ मीटरांचे, म्हणजे जवळजवळ तीन कळसूबाई एकावर एक ठेवावीत इतकी ती उंची. या पर्वतरांगांतून इटलीकडे उतरायचे तर खिंडी ओलांडाव्या लागत. त्यांतील ग्रेट सेंट बर्नार्ड ही खिंड २,४६९ मीटर उंचीवर आहे आणि वर्षातील कित्येक महिने ती बर्फाखाली असते.

या खिंडीचा इतिहास ख्रिस्तसभेच्या इतिहासाशी जोडलेला आहे. अकराव्या शतकाच्या मध्यास, इ. स. १०५० च्या सुमारास, आओस्ता येथील धर्माधिकारी संत बर्नार्ड यांनी खिंडीच्या माथ्यावर एक धर्मशाळा उभारली. ते आनसी सरोवराच्या काठावरील मांतों गावचे, अशी जुनी परंपरा आहे. इतिहासकार मात्र त्यांचे नाते आओस्ताशीच जोडतात. धुक्यात वाट चुकलेल्यांना शोधणे, बर्फात रुतलेल्यांना बाहेर काढणे, आलेल्याला गरम अन्न व अंथरूण देणे, हे तेथील व्रतस्थांचे काम. यात्रेकरू, व्यापारी, सैनिक, भिकारी असा भेद नव्हता. १८०० सालच्या मे महिन्यात नेपोलियनचे सैन्य याच खिंडीतून इटलीत उतरले, तेव्हा त्यालाही या धर्मशाळेने अन्न दिले. बर्फात माणसे शोधणारे सेंट बर्नार्ड जातीचे कुत्रे जगाला माहीत आहेत, त्यांचे घर हेच.

आता आपल्या मिशनचे ज्यांच्या नावाशी नाते आहे, त्या संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्याकडे वळू. त्यांचा जन्म १५६७ साली आनसीजवळच्या तोरां गावी झाला. घराणे सरदारांचे, शिक्षण पॅरिस व पादुआ येथे, पादुआत कायद्याचे. वडिलांना मुलगा राज्यकारभारात शिरावा असे वाटत होते. १५९३ साली तो धर्मगुरू झाला. पुढच्याच वर्षी, १४ सप्टेंबर १५९४ रोजी, तो आपल्या चुलतभावासह शाब्ले प्रांताकडे पायी निघाला. शाब्ले म्हणजे जिनिव्हा सरोवराच्या दक्षिण काठचा डोंगराळ भाग. तेथील लोक साठ वर्षांपूर्वीच कॅल्व्हिनपंथी झाले होते, आणि कॅथलिक घरे बोटांवर मोजण्याइतकी उरली होती.

तरुण धर्मगुरू आलँजच्या किल्ल्यात मुक्कामाला राही आणि रोज खाली थोनों गावात उतरे. त्या हिवाळ्याच्या दोन आठवणी चरित्रकारांनी जपल्या आहेत. एका रात्री जंगलात लांडगे मागे लागल्याने त्यांनी झाडावर चढून, खाली पडू नये म्हणून स्वतःला फांदीला बांधून घेतले. सकाळी शेतकऱ्यांना ते थंडीने अर्धमेले झालेले सापडले. दुसरी आठवण द्रांस नदीची. ही नदी डोंगरातील खोल घळी कोरीत सरोवराला मिळते. तिच्यावरचा पूल मोडला होता आणि एक फळी तेवढी आडवी टाकलेली होती. हिवाळ्यात त्या फळीवर बर्फ गोठे. पलीकडच्या मारें गावातील थोड्या श्रद्धावंतांसाठी मिस्सा अर्पण करायला जाताना हे धर्मगुरू त्या फळीवरून हातापायांवर रांगत जात. लोक प्रवचनाला येईनात, तेव्हा त्यांनी श्रद्धेची बाजू मांडणारी पत्रके लिहून दारांच्या फटींतून सरकवायला सुरुवात केली. ख्रिस्ती लेखकांचे व पत्रकारांचे आश्रयदाते म्हणून आज आपण त्यांना मानतो, त्याचे मूळ या पत्रकांत आहे.

इतिहास लिहायचा तर दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. १५९८ साली शाब्ले पुन्हा कॅथलिक झाला त्यात केवळ उपदेशाचा भाग नव्हता. साव्हॉयच्या ड्यूकाची सत्ता पाठीशी होती, आणि जे बदलायला तयार नव्हते त्यांना प्रांत सोडून जाण्यास सांगण्यात आले. त्या काळी दोन्ही पंथांचे राज्यकर्ते असेच वागत. पण फळीवरून रांगत जाणे आणि राजाज्ञेने माणसे हलविणे या एकाच प्रकारच्या गोष्टी नव्हेत, हे आज आपण ओळखतो आणि ओळखले पाहिजे.

१६०२ साली फ्रान्सिस जिनिव्हाचे बिशप झाले. जिनिव्हा शहर कॅल्व्हिनपंथीयांच्या हाती असल्याने त्यांचे पीठ आनसीलाच राहिले. धर्मप्रांत अफाट आणि डोंगराळ. त्यातील प्रत्येक धर्मग्राम स्वतः पाहायचे असे त्यांनी ठरविले, आणि १६०५ ते १६०८ या काळात घोड्यावर जाता येईल तेथे घोड्यावर, नाही तेथे पायी ते हिंडले. १६०६ च्या उन्हाळ्यात ते माँ ब्लाँच्या पायथ्याच्या खोऱ्यांत पोहोचले. सिक्स्त येथे असताना काही माणसे त्यांच्याकडे आली. त्यांचे खोरे तीन कोस दूर होते. डोंगराचा कडा कोसळून त्यांची घरे व माणसे गाडली गेली होती, आणि वर राज्याचा कर चालूच होता. बिशप ताबडतोब निघाले. वाट इतकी कठीण की घोडा जाऊ शकत नव्हता. ते चालत गेले, त्या लोकांत राहिले, जवळचे होते ते पैसे दिले, आणि परत येऊन त्यांचा कर माफ व्हावा म्हणून ड्यूकाकडे अर्ज केला.

त्याच दौऱ्यात त्यांनी हिमनदी पाहिली. तेथे ऐकलेली एक हकीकत त्यांनी संत जान फ्रान्सिस द शांताल यांना पत्राने कळविली. एक गुराखी आपली हरवलेली गाय शोधत हिमनदीवर धावत होता. बर्फातील एका भेगेत तो पडला. भेग बारा भाल्यांइतकी खोल. तो कोठे गेला हे कोणाला कळलेही नसते. पण पडताना त्याची टोपी डोक्यावरून निसटून भेगेच्या काठावर राहिली, आणि त्या खुणेवरून लोक तेथे आले. शेजारचा एक जण दोराला बांधून घेऊन खाली उतरला. गुराखी मरून बर्फ झाला होता. शेजाऱ्याने त्याला तसाच कवटाळला, लवकर ओढा नाहीतर मीही गोठेन असे ओरडला, आणि लोकांनी त्या दोघांना एकत्र वर काढले. एका गाईसाठी माणूस एवढा जीव धोक्यात घालतो, मृत शेजाऱ्यासाठी दुसरा बर्फात उतरतो, मग मेंढपाळ म्हणवणाऱ्या बिशपाने काय करावे, असा प्रश्न या हकिकतीने फ्रान्सिस यांना पडला. हिमनदीचे वर्णन करायला ते गेले नव्हते. पण त्या हिमनदीवर घडलेले जे त्यांनी लिहून ठेवले, ते आजही मन हलवते.

आल्प्सच्या शोधाचा इतिहास सांगताना मात्र पुष्कळ पुस्तके १७४१ पासून सुरुवात करीत. त्या वर्षी विंडहॅम आणि पोकॉक हे दोन इंग्रज जिनिव्हाहून शस्त्रास्त्रे व नोकरचाकर घेऊन शामोनीला गेले, हिमनदीवर उतरले आणि परत येऊन त्यांनी वृत्तान्त प्रसिद्ध केला. जणू त्यांनीच ते खोरे शोधून काढले! वास्तविक शामोनीत बेनेडिक्ट संघाचा मठ अकराव्या शतकाच्या अखेरीपासून होता. मठाला शेतसारा देणारी कुटुंबे होती, चर्च होते, आणि १६०६ साली बिशप येऊन गेले होते. पुढे १७८६ च्या ८ ऑगस्टला शामोनीचेच जाक बाल्मा आणि डॉक्टर मिशेल पाकार यांनी माँ ब्लाँवर पहिले पाऊल ठेवले. तो पराक्रम खराच. पण तेथील खिंडी, कडे आणि हिमनद्या त्यांच्याही आधी गुराख्यांनी, शिकाऱ्यांनी आणि स्फटिक शोधणाऱ्यांनी पायाखाली घातल्या होत्या. त्यांची नावे कोणी लिहिली नाहीत, म्हणून ती राहिली नाहीत.

या पर्वतांतील श्रद्धेला मोठा धक्का बसला तो फ्रेंच राज्यक्रांतीत. १७९२ साली फ्रेंच सैन्याने साव्हॉय घेतले. धर्मगुरू परागंदा झाले, चर्चेस बंद पडली. ते वादळ ओसरल्यावर खेड्याखेड्यांतून पुन्हा प्रवचने व साधनेचे दिवस घडवून आणणाऱ्या धर्मगुरूंत फादर पीटर मेर्मिए हे एक होते. त्यांचा जन्म १७९० चा. १८३८ साली त्यांनी आनसी येथे आपल्या सोबत्यांचा संघ स्थापन केला आणि त्याला संत फ्रान्सिस डी सेल्स यांचे नाव दिले. डोंगरातल्या वाड्यावस्त्यांसाठी जन्मलेल्या या छोट्या संघाला रोमहून हिंदुस्थानातील एक विस्तीर्ण मिशन सोपविण्यात आले. १८४५ साली पहिली तुकडी आनसीहून निघाली आणि १८४६ च्या आरंभी विशाखापट्टणमला पोहोचली. तेव्हा सुएझचा कालवा नव्हता. तो १८६९ मध्ये खुला झाला.

विशाखापट्टणमचे ते मिशन मध्य प्रांतापर्यंत पसरलेले होते. १८८७ साली नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि याच संघाचे आलेक्सिस रिकाझ हे त्याचे पहिले बिशप झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या संघाचे फादर निजामाच्या राज्यातील मराठी मुलखात उतरले. घोगरगावच्या मिशनशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, ते फादर जाकिये याच संघाचे. पुढे नागपूरमधून १९५५ साली अमरावती आणि अमरावतीतून १९७७ साली औरंगाबाद असे धर्मप्रांत निर्माण झाले. नांदेड जिल्हा, आणि त्यात आपले भोकर, या औरंगाबाद धर्मप्रांतात येते.

आता कल्पना करावी. सरोवर आणि झरे यांच्या देशातला माणूस मे महिन्यात मराठवाड्यात बैलगाडीतून चालला आहे. नदीचे पात्र कोरडे. विहिरीच्या तळाशी गढूळ पाणी. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या लागोपाठच्या दुष्काळांनी मराठी मुलूख होरपळत होता. या माणसाला बर्फातील भेग कशी ओळखायची हे ठाऊक होते. जमिनीला पडलेली उन्हाची भेग त्याने पूर्वी पाहिली नव्हती. तरी एक गोष्ट त्याच्या ओळखीची होती. ती म्हणजे दूर. डोंगरातील वाडी चर्चपासून दूर असते, हिवाळ्यात तर महिनोन्महिने तुटलेली असते, आणि तेथे कोणी चालत गेले तरच मिस्सा होते. घरे थोडी आहेत म्हणून जायचे नाही, असे त्या परंपरेत बसत नव्हते. मारें गावच्या मूठभर लोकांसाठी गोठलेल्या फळीवरून रांगत जाणाऱ्याचे नाव त्यांच्या संघाला होते.

याच विचाराने आल्प्समधून आणखीही माणसे आशियात आली. ग्रेट सेंट बर्नार्डच्या धर्मशाळेतील व्रतस्थांना १९३० नंतरच्या दशकात तिबेटच्या सीमेवरील उंच खिंडींच्या प्रदेशात पाठविण्यात आले, कारण बर्फातल्या खिंडीत माणसे कशी सांभाळायची हे त्यांच्याइतके कोणाला माहीत असणार? त्यांतील फादर मोरिस तोर्ने यांना ११ ऑगस्ट १९४९ रोजी एका खिंडीजवळ ठार मारण्यात आले. १९९३ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले.

एका योगायोगाचा येथे उल्लेख करावासा वाटतो. पोप अकरावे पायस हे तरुणपणी नाणावलेले गिर्यारोहक होते. १८८९ साली मोंते रोझा आणि १८९० साली माँ ब्लाँ त्यांनी सर केले होते. त्याच पोपमहोदयांनी १९२३ साली जानेवारीत संत फ्रान्सिस डी सेल्स यांना लेखकांचे, आणि ऑगस्टमध्ये संत बर्नार्ड यांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते म्हणून जाहीर केले. चालणारा आणि लिहिणारा, दोघांचा मान एकाच वर्षी झाला.

आपल्यापुरते पाहिले तर चालण्याचे काम पुष्कळ झाले आहे. परदेशी फादर गावात आले ते एकटे आले नाहीत. मराठी न येणाऱ्या त्या माणसाला पांदीतून, ओढ्यातून, एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर कोणीतरी नेले. कोणी त्याला भाषा शिकविली. कोणी प्रार्थना पाठ करून घरोघरी शिकविल्या. कोणा बाईने भाकरी करून वाढली. ते धर्मशिक्षक, ते मास्तर, त्या आजीबाई यांनी आपल्यासाठी खिंड ओलांडली. परदेशी फादरांची नावे आनसीच्या आणि नागपूरच्या कागदपत्रांत सापडतील. या माणसांची नावे मात्र घरातल्या वृद्धांच्या तोंडीच आहेत. शामोनीच्या गुराख्यांचे झाले तसे त्यांचेही होईल.

भोकरसारख्या ठिकाणी कॅथलिक घरे थोडी आणि विखुरलेली आहेत. म्हणून हे काम जड नाही. प्रत्येक कुटुंबाने एका संध्याकाळी जपमाळेनंतर घरातील सर्वांत वयस्क माणसाजवळ बसावे. आपल्या घरात पहिला स्नानसंस्कार कोणाचा झाला, कोणत्या गावी झाला, त्या वेळी फादरांना वाट दाखवायला कोण होते, हे विचारावे. आणि जे आठवेल ते वहीत तारखेनिशी उतरवून त्याची एक प्रत आपल्या धर्मग्रामाच्या कार्यालयात द्यावी. त्या गुराख्याचा पत्ता लागला तो काठावर राहिलेल्या टोपीमुळे. आपल्या वाडवडिलांचीही एखादी खूण काठावर राहू द्यावी.